गंगाराम कांबळे यांचं हॉटेल

राजर्षी शाहूंच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे महाराजांच्या मदतीनं त्यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? महाराज हॉटेलसमोर गाडी थांबवून स्वतः तिथला चहा पीत, सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजत. कुणी म्हणेल, हुजुरांसमोर नाही म्हणायची छाती कुणाची? मान्य, पहिला कप धाकानंच रिकामा झाला असेल. पण महाराजांच्या १९१९ च्या हुकमांनी धर्मशाळा, पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, तरी हुकमानं कुणाच्या ओठाला कप लागत नाही. त्यासाठी आधी कुणीतरी प्यावं लागतं. इथे खुद्द छत्रपती प्यायले. शिवाय ही नुसती खैरात नव्हती, गंगारामांचा स्वतःचा धंदा उभा राहिला. माझ्या लेखी मोठेपण त्यातच आहे. भाऊसिंगजी रोडवरून जाताना मुलांना हे जरूर सांगा.