वरळीच्या बेटावरील हिवाळा

मुंबई आज एकसंध दिसत असली, तरी पूर्वी तिच्या जागी सात बेटे होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे होत. वरळी व मुंबई या दोन बेटांमधील खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरे व मधला सखल भाग बुडून जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे बांध घालण्यात आला आणि वरळीचे बेटपण सरले. परंतु वरळीच्या उत्तर टोकाला गेल्यास ते बेट आजही ओळखता येते. तीन बाजूंस समुद्र, टोकाला जुना लहानसा किल्ला आणि त्याच्या आश्रयाने दाटीवाटीने वसलेला वरळी कोळीवाडा, असे तेथील दृश्य आहे.

युरोपात ग्रीस देशाच्या भोवतीही अशी अनेक लहान बेटे आहेत. तेथील उन्हाळा कोरडा असतो व पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या दिवसांत समुद्र खवळला, म्हणजे बेटांकडे जाणाऱ्या आगबोटी बंद पडतात व कोळ्यांना होड्या बांधून ठेवाव्या लागतात. वरळीची गोष्ट अगदी उलट आहे. येथे समुद्र खवळतो तो पावसाळ्यात, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांमुळे. जून व जुलै हे महिने माशांच्या विणीचे असल्यामुळे तेव्हा यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस सरकारची बंदीही असते. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केला, की कामाचे दिवस येतात. आणि हिवाळा हा तर ऐन कामाचा काळ!

हिवाळ्यात आकाश निरभ्र असते. रात्री जमीन लवकर थंड होते. समुद्राचे पाणी मात्र उबदार राहते. त्यामुळे जमिनीवरील थंड हवा समुद्राकडे वाहू लागते. हेच मतलई वारे. दुपारी जमीन तापली, की समुद्रावरून खारे वारे जमिनीकडे येतात. शिडांच्या होड्या होत्या, तेव्हा कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत व दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी परतत. आता होड्यांना यंत्रे आली आहेत. तरी वाऱ्याचा अंदाज घेतल्यावाचून कोणी होडी सोडीत नाही. मुंबईची थंडी एरवी सौम्यच. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रुझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. पण असा दिवस विरळाच.

कोळ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो भरती-ओहोटीवर चालतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे आज पहाटे निघालेली होडी आठवड्याने भर दुपारीही निघेल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते व फार उतरते; त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याला जोर नसतो, तो भांग. मोठ्या ओहोटीला किनाऱ्यावरील खडक उघडे पडतात. त्यांवरील कालवे काढण्याचे काम कोळणी करतात. हातात लोखंडी कोयता घेऊन, निसरड्या खडकांवर तोल सांभाळीत त्या काम करतात. पाणी परत फिरले, की काम संपले.

मुंबईच्या किनाऱ्यावर याच दिवसांत बोंबील वाळवितात. बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश फार असल्यामुळे तो लवकर नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टांगतात. हिवाळ्यातील कोरडी हवा व ऊन यांमुळे ते चांगले वाळतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा हेच सुके मासे उपयोगी पडतात. पौष पौर्णिमेस गोल्फादेवीची जत्रा भरते, तेव्हा हे कष्टाचे दिवस थोडा वेळ बाजूला ठेवून सारा कोळीवाडा देवीच्या दर्शनास लोटतो.

अलीकडे या बेटासमोर एक नवा प्रश्न उभा राहिला. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला. पुढे त्यास सागरी किनारा मार्ग जोडण्याचे ठरले, तेव्हा जोडपुलाचे खांब होड्यांच्या वाटेत येऊ लागले. दोन खांबांत सुमारे ६० मीटर अंतर ठेवण्याची योजना होती. कागदावर हे अंतर पुरेसे वाटते. परंतु लाट व प्रवाह होडीला सरळ जाऊ देत नाहीत, तिला आडवे ढकलतात. समोरून दुसरी होडी आली, तर खांबावर आदळण्याचे भय असते. कोळ्यांनी हे आग्रहाने मांडले व काम अडविले. अखेर २०२२ च्या शेवटी त्यांचे म्हणणे मान्य झाले. एक खांब कमी करून होड्यांसाठी १२० मीटरांची वाट ठेवण्याचे ठरले. पुलाचे गणित अभियंत्यांना ठाऊक होते. त्या पाण्याचा स्वभाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यात वावरलेल्यांनाच ठाऊक होता.

मुलांनो, हिवाळ्यातील एखाद्या सकाळी त्या सेतूवरून जाल, तेव्हा खाली अवश्य पाहा. खांबांमधील वाटेने एखादी लहानशी होडी बाहेर पडताना दिसेल. ती परत येईल, तेव्हा घरातील माणसे बंदरावर पाट्या घेऊन तिची वाट पाहत उभी असतील.