बरे वाटते, मग गोळी कशाला?

बीपीच्या रुग्णांकडून आपल्या पाड्यांवर हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे : "महिनाभर गोळी घेतली, आता बरे वाटते, म्हणून बंद केली." यात रुग्णाचा हट्ट नसतो. ताप उतरला की आपण तापाची गोळी थांबवतो, पोट राहिले की पोटाची थांबवतो. तोच हिशेब तो बीपीलाही लावतो. पण रक्तदाबाचा हिशेब वेगळा आहे. तो न समजल्यामुळे घरातली कमावती माणसे लकव्याने अंथरुणाला खिळतात. म्हणून हा विषय सोप्या शब्दांत मांडत आहे. वाचकांनी तो आपल्या पाड्यावर वाचून दाखवावा, ही विनंती.

रक्तदाब म्हणजे काय?

आपले हृदय हा एक पंप आहे. तो दिवसरात्र रक्त ढकलत असतो आणि ते रक्त नळ्यांमधून, म्हणजे रक्तवाहिन्यांमधून, अंगभर फिरते. नळ्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो दाब पडतो तो रक्तदाब. हृदय आकसते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडते तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. निरोगी प्रौढ माणसाचा दाब साधारण १२०/८० च्या आसपास असतो. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एक आकडा वाढलेला असला तरी तो आजारच.

हा आजार बहुधा दुखत नाही. डोके दुखले तरच बीपी वाढले, असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नाही. जगभरात उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसते. काहीही जाणवत नसताना मेंदू, हृदय, मूत्रपिंडे आणि डोळे यांच्या नाजूक वाहिन्या झिजत जातात. मग एके दिवशी मेंदूतली वाहिनी फुटते किंवा तुंबते आणि लकवा होतो. म्हणून रक्तदाब अंदाजाने कळत नाही, तो मोजावाच लागतो. वयाची ३० वर्षे झालेल्या प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तो मोजून घ्यावा. तेथे ही तपासणी मोफत होते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. चढ चढून आल्या आल्या लगेच मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये.

गोळ्या काय करतात?

बीपीच्या गोळ्या अनेक प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीचे काम निराळे आहे.

अम्लोडिपिन ही सरकारी दवाखान्यात नेहमी मिळणारी गोळी. ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल करते, त्यामुळे नळी रुंदावते आणि दाब उतरतो. काहींच्या घोट्यांवर तिने सूज येते.

टेल्मिसार्टन आणि एनालाप्रिल या गोळ्या, वाहिन्यांना आकसायला लावणारे शरीरातले एक रसायन अडवतात. एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. या दोन्ही गोळ्या गरोदरपणात बाळाला अपाय करतात. म्हणून दिवस गेल्याची शंका येताच बाईने ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणी चालणारी वेगळी औषधे आहेत. ते ती बदलून देतात.

क्लोर्थॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीच्या गोळ्या जादा मीठ व पाणी बाहेर काढतात. त्या सकाळी घेतलेल्या बऱ्या, म्हणजे रात्री वारंवार उठावे लागत नाही. उलट्या-जुलाब होत असतील तर लगेच दवाखान्यात सांगावे.

अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या हृदयाचे ठोके मंद करतात. या एकाएकी बंद करणे विशेष धोक्याचे असते.

कोणाला एक गोळी पुरते, कोणाला दोन-तीन लागतात. दोन गोळ्या लागल्या म्हणजे आजार हाताबाहेर गेला असे नव्हे. शेजाऱ्याची गोळी मात्र कधी घेऊ नये. तिने त्रास झाला तर गोळी टाकून न देता दवाखान्यात सांगावे; बदलून मिळते.

झाडपाला आणि गोळी

आपल्या वडीलधाऱ्यांना रानातल्या औषधांची पारख होती आणि तिचा मान ठेवलाच पाहिजे. सर्पगंधेचे मूळ हे त्याचे चांगले उदाहरण. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांच्या नोंदींसह १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. १९५२ साली या मुळातले रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पुढे काही वर्षे ते जगभर वापरले गेले. पण त्याने काही रुग्णांना खोल उदासी येऊ लागली, आणि अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर ते मागे पडले.

यातून घ्यायचा धडा असा : रानातल्या मुळात गुण आहे, पण एका मुळात औषध किती आणि दुसऱ्यात किती हे चाखून कळत नाही. गोळीत ते मोजून घातलेले असते. तेव्हा घरी मूळ उगाळून घेऊ नये, आणि गोळीच्या जोडीला तर मुळीच नको. कोणी भगताकडे जातो, कोणी प्रार्थनेसाठी येतो. मनाला धीर मिळतो, तो मिळावा. पण त्या धीराच्या भरवशावर गोळी सोडू नये.

गोळी का थांबवू नये?

शेताच्या बांधाला भगदाड पडले की आपण दगडमाती लावून पाणी अडवतो. पाणी अडले म्हणून कोणी दगड काढून घेत नाही. गोळी हा तो दगड आहे. ती घेतली म्हणून आकडा खाली आला. बंद केली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि चढलेला कळतही नाही. म्हणून ही गोळी बहुतेकांना कायम घ्यावी लागते. वजन उतरले, मीठ-दारू कमी झाली, तर कधी डॉक्टर ती कमी करतात. पण ते मोजून, आणि त्यांनीच. एखाद्या दिवशी विसरली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन मिळून घेऊ नयेत.

गोळीला जोड हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचाभरही नाही, इतकेच मीठ असावे. सुकी खारवलेली मासळी, लोणचे, पापड आणि पुडीतले चिवडे यांतले मीठही त्यातच धरायचे. सुकी मासळी भिजवून, ते पाणी टाकून रांधावी. तंबाखू, मशेरी आणि दारू सोडावी. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बीपी वाढवतात. त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

स्थलांतरापूर्वीची तयारी

भातकापणी उरकली की जव्हार-मोखाड्याकडची कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात, नंदुरबारकडची ऊसतोडीला जातात. गोळी तुटते ती बहुधा याच वेळी. महिन्याच्या गोळ्या संपतात, नवा दवाखाना ठाऊक नसतो, आणि एक दिवस बुडाला तर मजुरी जाते. म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. बीपी मोजून घ्यावे. जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. उपचाराचे कार्ड किंवा गोळीचे रिकामे पाकीट जपून सोबत न्यावे, म्हणजे दुसऱ्या गावच्या सरकारी दवाखान्यातही तीच गोळी मागता येते. आणि आशाताईंचा फोन नंबर जवळ ठेवावा.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, दम लागणे किंवा गरोदर बाईला जोराची डोकेदुखी होऊन अंधारी येणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

पाड्यावरच्या प्रत्येक शिक्षकाने, सेविकेने आणि तरुण मंडळाने दिवाळीआधी एक यादी करावी : आपल्याकडे बीपीची गोळी कोण घेते, आणि त्यांतले कामाला बाहेर कोण जाणार. त्यांच्या पिशवीत गोळ्या आहेत ना, एवढे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहिले तरी एखादे घर लकव्यापासून वाचेल.