ट्रॅक्टरची येठण सैल पडू देऊ नका

आपल्या चाकण-खेड भागात ट्रॅक्टर आता गावोगाव झाला आहे. नांगरट तर तो करतोच. जनावरांसाठी चारा कापणे, पडीक रानातले गवत काढणे, हे कामही पुष्कळ जण ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायचे यंत्र जोडून करतात. या कामात एक तक्रार नेहमी ऐकू येते. सकाळी यंत्र अगदी सारखे लावावे, आणि दोन तासांनी पाहावे तर एक बाजू खाली झुकलेली! लोक म्हणतात, "यंत्रच खोटं आहे." पण बहुतेक वेळा यंत्र खोटे नसते. जोड सैल पडलेला असतो.

हा जोड कसा असतो, ते आधी पाहू.

बैलाच्या औताला आपण येठण बांधतो. येठण सैल पडली तर औत नीट चालत नाही. ट्रॅक्टरची येठण लोखंडाची असते आणि ती तीन ठिकाणी असते. खाली दोन दांडे, त्यांना लोअर लिंक म्हणतात. वर मधोमध एक दांडा, ती टॉप लिंक. ही युक्ती हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाची. तिचे पेटंट १९२६ साली झाले. त्यापूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढत नेत. तो दगडाला अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलला जाई, कधी चालकाच्या अंगावर उलटे. तीन जोडांमुळे हा धोका पुष्कळ कमी झाला. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या नावात त्याचे नाव अजून आहे.

टॉप लिंकच्या मधल्या नळीत दोन्ही टोकांना आटे असतात. एका टोकाला उजवे, दुसऱ्या टोकाला डावे. म्हणून नळी एका बाजूला फिरवली की लिंक लांब होते, उलट फिरवली की आखूड होते. लांब झाली तर यंत्राची मागची बाजू खाली जाते. उजवी-डावी बाजू सारखी करायला लिफ्ट रॉड असतो. यंत्र दोन्हीकडे डुलू नये म्हणून साखळ्या असतात.

मग हे सगळे सैल का पडते? यंत्राला फिरवणारा मागचा दांडा, म्हणजे पीटीओ, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९ आणि तासाला ३२,४०० फेरे. पाती तर त्याहून जोरात फिरतात. त्यांचा हादरा सारखा जोडांना बसतो. नट घट्ट असेल तर आटे एकमेकांना धरून राहतात. नट किंचित ढिला असेल तर प्रत्येक हादऱ्याला तो केसभर सरकतो. केसभर करता करता पुरा फेरा होतो. काट्याचा नायटा होतो म्हणतात, तो असा!

यावर उपाय सोपे आहेत.

पहिला उपाय चेकनटाचा. लांबी ठरवून झाली की चेकनट नळीला टेकवून आवळा. एका पान्याने नळी धरा, दुसऱ्या पान्याने नट आवळा. नळी धरली नाही तर तीही फिरते आणि ठरवलेली लांबी बिघडते. डाव्या आट्यांचा नट उलट्या बाजूला आवळतो, हे ध्यानात ठेवा. चेकनटाचे आटे झिजले असतील तर नवा नट घाला. पण नळी वेल्डिंगने जोडून टाकू नका. पुढे लांबी बदलता येणार नाही.

दुसरा उपाय रंगाच्या खुणेचा. नट आणि नळी या दोहोंवरून मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की समजावे, नट सरकला. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत आपल्या गावची पुष्कळ मुले कामाला जातात. त्यांना विचारा. आवळलेल्या नटावर खूण करण्याची रीत त्यांना ठाऊक असते.

तिसरा उपाय म्हणजे हादराच कमी करणे. पाती बोथट, वाकडी किंवा कमी-जास्त वजनाची झाली की हादरा वाढतो. म्हणून समोरासमोरची दोन्ही पाती एकदमच बदला. जोडाच्या पिना आणि भोके झिजली असतील तर नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. त्या पिना बदला.

चौथे, पिनेतली लिंच पिन रोज पाहा. गाडीच्या आसाला जशी खीळ, तशी ही. ती नसली म्हणून तिथे तार किंवा खिळा अडकवू नये.

काम सुरू केल्यावर अर्ध्या तासाने थांबून सगळे जोड तपासा. पुढे डिझेल भरताना तपासा.

आता सर्वांत महत्त्वाचे. तपासणी चालू यंत्रावर कधीही करू नये. पीटीओ बंद करा, यंत्र जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. पाती पुरती थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. उचललेल्या यंत्राखाली हात घालू नका.

जोड निसटला तर पाते जमिनीत घुसते, दगड गोळीसारखा उडतो. त्या वेळी मागे गवत गोळा करणारी बाई असेल, मडगार्डवर बसलेले पोर असेल, त्यांचे काय? म्हणून यंत्र चालू असताना मागे कोणी नको, ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी नको.

नट आवळायला पाच मिनिटे लागतात. तेवढी घाई कोणत्याच कामाची नसते.