जुन्या मोटारींतील दडलेला गंज आणि नळी-कॅमेरा

खाडीकाठच्या न्हावा शेवा परिसरात हवेतील क्षार मोटारीच्या पोकळ भागांत साचतात. मीठ सुमारे 75 टक्के सापेक्ष आर्द्रतेसच पाणी शोषून विरघळू लागते. त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्याची आतली बाजू ओलसर राहते. कुर्ल्यास बनलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत ही बाब विशेष गंभीर होय. तिला निराळी चौकट नाही. भार पत्र्याचा सांगाडाच वाहतो, व दारांखालील पोकळ पेट्या हा त्याचा मुख्य आधार. बाहेरील रंग शाबूत असताना त्या आतून पोखरलेल्या असू शकतात.

भ्रमणध्वनीस जोडावयाचा, बोटाहूनही बारीक व टोकास दिवे असलेला स्वस्त कॅमेरा पाणी निचरण्याच्या भोकांतून आत सरकविता येतो. भोके चिखलाने बुजलेली आढळली, तर तीच पहिली साक्ष समजावी. मात्र चित्रास माप नसते. जवळचा डाग अवास्तव मोठा भासतो. शिवाय स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या पत्र्यांच्या फटीत प्राणवायू कमी पोहोचतो, तेथेच लोखंड अधिक झिजते, आणि नेमके तेथेच कॅमेऱ्याची दृष्टी पोहोचत नाही. सांध्याची कड फुगलेली दिसल्यास शेजारच्या पत्र्याची जाडी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजावी. तोवर त्या पेटीखाली जॅक लावू नये.