उंबरावर कोण कोण जेवतं?

मैत्रिणींनो, आपल्या घरात कोण किती जेवतं, हे आपल्याला कुणाला विचारावं लागत नाही. पण एखादा परका माणूस नेमका एकादशीला स्वयंपाकघरात डोकावून गेला तर? ‘या घरात भाजी-पोळी खातच नाहीत’ असं तो खुशाल सांगत सुटेल! झाडांच्या बाबतीत हेच होतं.

आमच्या वसाहतीतल्या उंबराखाली फळांचा सडा पडतो, चिलटं होतात, म्हणून तो तोडायचा अर्ज गेला. ‘पक्षी तरी कुठे येतात त्यावर?’ हेही कारण पुढे आलं. कुणीतरी एका सकाळी पाहिलं होतं म्हणे.

मग मंडळातल्या आम्ही चौघींनी वही घातली. रोज सकाळी सात ते साडेसात. फळं पिकली आहेत का, कोण आलं, खाल्लं की नुसतं बसलं. बसला म्हणजे जेवला असं नव्हे ना! पिकलेल्या दिवसांत तांबट, बुलबुल, कोकीळ, आपला राज्यपक्षी हरियाल, सगळ्यांची पंगत. फळं संपली की झाड सुनं. म्हणजे एकाच झाडावर फरक पडतो तो ऋतूमुळे, फळांमुळे, वेळेमुळे. आणि काही फरक निव्वळ योगायोगाचा.

हा योगायोग मोजता येतो. मी आर्ट्‌सची, आकड्यांशी जरा फटकूनच. पण हा हिशेब मलाही पटला. समजा, एखादा पक्षी सरासरी दहा दिवसांत एकदाच येतो. तीन सकाळी पाहिलं, तर तो अजिबात न दिसण्याची शक्यता ७३ टक्के! दहा सकाळी पाहिलं तर ३५ टक्के, तीस सकाळी पाहिलं तर जेमतेम चार.

न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये त्याची सोपी रीत मांडली. फक्त एकदाच दिसलेले पक्षी किती आणि दोनदाच दिसलेले किती, ते पाहायचं. समजा, एकदाच दिसलेले चार प्रकार आणि दोनदा दिसलेले दोन. चाराचा वर्ग सोळा, त्याला दोनाच्या दुपटीने, म्हणजे चाराने भागायचं. उत्तर आलं चार. म्हणजे निदान चार प्रकार तरी आपल्या नजरेतून सुटले असावेत! एकेकदाच दिसणारे पाहुणे जास्त, तर न दिसलेलेही जास्त, एवढंच त्यातलं मर्म.

या हिशेबाला महत्त्व का? तांबट, बुलबुल, कोकीळ फळं खातात आणि बिया दूरवर टाकतात. भिंतीच्या फटीत उगवलेलं उंबराचं रोप ही त्यांचीच करणी. शिवाय उंबर वर्षातून अनेकदा फळतो. इतर झाडं रिकामी असताना याच्यावर पान वाढलेलं असतं. ते कायमचं उचलण्याआधी नीट मोजायला नको?

शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि आपल्याला हरकत घेता येते. आमच्या हरकतीला आम्ही वहीच्या प्रती जोडल्या आहेत. निर्णय यायचाय.

तुमच्या दारातल्या झाडासाठीही अशी वही घाला. फक्त एक पथ्य पाळा. ‘पक्षी येत नाहीत’ असं कधी लिहू नका. ‘अर्धा तास पाहिलं, दिसला नाही’ असं लिहा.