मोज्याचा वळ आणि लिव्हरचा निरोप

पाय सुजले की आपण चपलेचा नंबर बदलतो. पण कधी कधी बिघाड असतो पोटात आणि तक्रार करतात पाय!

गेल्या दिवाळीत वर्ध्याला मामाकडे गेले होते. ऑफिसातून आल्यावर मामांनी बूट-मोजे काढले आणि माझं लक्ष त्यांच्या घोट्याकडे गेलं. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ चांगलाच खोल रुतला होता. मी सहज नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच! मळलेल्या कणकेत बोट रुतावं ना, अगदी तसा.

"दिवसभर खुर्चीत बसतो न वो, म्हणून," मामा म्हणाले. मामीने सैल मोजे आणले. विषय संपला. महिन्याभराने पँटचं बटण लागेना, तेव्हा कुठे डॉक्टर गाठले. निदान झालं लिव्हर सिरॉसिसचं.

घरात पहिली प्रतिक्रिया एकच: "पण ते तं घेत नाहीत!" वर्धा म्हणजे गांधीजींचा जिल्हा. सत्तरच्या दशकापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे लिव्हर बिघडलं, म्हणजे माणूस चोरून पितो असा लोकांचा सरळ हिशोब! आयुष्यात थेंबही न घेतलेल्या मामांनी रिपोर्ट कपाटात लपवला. आजारापेक्षा ती लाजच त्यांना जास्त खात होती.

खरं कारण होतं जुना डायबिटीस, सुटलेलं पोट आणि वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेलं फॅटी लिव्हर. हेपॅटायटिस बी आणि सी यांनीही सिरॉसिस होतो. दारू हे एक कारण आहे, एकमेव नाही.

पण पायच का?

लिव्हर अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन बनवतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवायचं काम त्याचं. लिव्हर थकलं की हे प्रोटीन कमी पडतं. शिवाय कडक झालेल्या लिव्हरमधून रक्त नीट वाहत नाही, पोटातल्या शिरांवर दाब वाढतो आणि किडन्या मीठ-पाणी साठवू लागतात. हे जादा पाणी पोटात साचतं आणि पायांतही उतरतं. म्हणून संध्याकाळी सूज जास्त, सकाळी जरा कमी.

पायांचे इतर निरोप

- पुरळ नसताना तळव्यांना आणि तळहातांना खाज, रात्री जास्त. पित्ताचा निचरा अडला की असं होतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अशी खाज सुटली तर लगेच डॉक्टरांना सांगा.
- पोटऱ्यांत वारंवार गोळे येणं. सिरॉसिसच्या पेशंटना हा त्रास बराच होतो.
- न आपटता पायांवर उमटणारे निळे-जांभळे डाग. रक्त गोठवणारे बरेचसे घटक लिव्हरच तयार करतं.

अर्थात, प्रत्येक सुजलेला पाय म्हणजे लिव्हर नव्हे. हार्ट, किडनी, थायरॉइड, व्हेरिकोज व्हेन्स, अगदी ब्लडप्रेशरची अम्लोडिपिनसारखी गोळीसुद्धा पाय सुजवते. म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सोबत धाप लागत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

मग करायचं काय?

रक्ताची लिव्हर फंक्शन टेस्ट, हेपॅटायटिस बी-सीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. सुरुवात एवढ्यावर होते. लिव्हरची टेस्ट नॉर्मल आली तरी फॅटी लिव्हर असू शकतं, म्हणून सोनोग्राफी टाळू नका. त्यासाठी मुंबई-पुण्याला धावायलाच हवं असंही नाही. वर्ध्याजवळच सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे, सावंगीलाही आहे.

आता तुमच्या-माझ्याविषयी. दिवसभर स्क्रीनसमोर, रात्री दहाला ऑर्डर केलेली बिर्याणी, वीकेंडला "फक्त बिअर"! फॅटी लिव्हर याच रुटीनवर पोसलं जातं, आणि ते बहुधा दुखत नाही. पाय सुजेपर्यंत खूप उशीर झालेला असतो. उलट वेळेत कळलं, तर वजन ७ ते १० टक्के घटवूनही लिव्हर बरंच सावरतं. मामांच्या निमित्ताने मीही सोनोग्राफी केली. फॅटी लिव्हर, ग्रेड वन! सध्या लिफ्ट बंद, जिने चालू.

मामांचं मीठ तुटलंय. लोणचं, पापड बंद, सूज उतरवायच्या गोळ्या सुरू. डॉक्टरांना न विचारता पेनकिलर घ्यायची नाही आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायचीच. रिपोर्ट मात्र आता कपाटात नाही. शेजारच्या काकांचे पाय सुजलेले दिसले, तेव्हा मामा स्वतःच तो घेऊन त्यांच्याकडे गेले.

या सुट्टीत गावी जाल, तेव्हा आई-बाबांच्या पाया पडताना जरा त्यांच्या घोट्यांकडेही बघा.