पाव फेऱ्याचं यंत्र

पुण्याजवळ भोसरी-चाकण पट्ट्यात एसपीएम, म्हणजे एकाच ठरलेल्या कामासाठी बांधलेली यंत्रं तयार करणारे कितीतरी छोटे कारखाने आहेत. अशा यंत्रापाशी उभं राहिलं की नजर स्पिंडलवर जाते, पॅनेलवर जाते. जॉब उलटा करणारा किंवा क्लॅम्पचा हात आडवा आणणारा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा सहसा कुणी पाहत नाही. तो रोटरी अ‍ॅक्च्युएटर. बहुतेकदा ९० किंवा १८० अंश फिरायचं आणि तसंच मागे यायचं, एवढंच त्याचं काम. पण मोटर, गिअरबॉक्स, ब्रेक असा पसारा जिथे मांडावा लागला असता, तिथे हवेच्या दोन नळ्यांवर भागतं.

आत खरं तर सिलिंडरच असतो. पिस्टनला जोडलेल्या दांड्यावर दाते कापलेले असतात, ती रॅक. ती सरकली की तिच्यात अडकलेलं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फिरतं. ५० मिमी व्यासाच्या पिस्टनवर ६ बार दाबाची हवा सोडली की साधारण १,१८० न्यूटन जोर मिळतो. पिनियनची त्रिज्या २० मिमी धरली तर टॉर्क सुमारे २३.६ न्यूटन-मीटर, आणि ९० अंशांसाठी पिस्टन सरकतो जेमतेम ३१ मिमी. समोरासमोर दोन रॅक बसवल्या की टॉर्क दुप्पट होतो, शिवाय पिनियनला एका बाजूला रेटणारा जोरही उरत नाही. दुसरा प्रकार व्हेनचा, गोल पोकळीत शाफ्टला जोडलेल्या पात्याचा. तो आटोपशीर असतो, पण पात्याच्या कडांमधून हवा थोडी झिरपतेच. जड जॉब धरून ठेवायचा असेल तर मी रॅकच निवडेन.

या यंत्राची कसोटी लागते ती थांबताना. हवा स्प्रिंगसारखी दबते, त्यामुळे मधल्याच एखाद्या कोनावर भरवशाने थांबता येत नाही. अचूकपणा येतो तो शेवटच्या स्टॉपरमुळे, आणि वेग दुप्पट केला की त्या स्टॉपरवर आदळणारी ऊर्जा चौपट होते. कॅटलॉगमधला टॉर्क बघून साइज ठरवणारे पुष्कळ आहेत. जडत्वाचं गणित राहून जातं आणि मग पिनियनचे दाते तुटतात. लांब हाताच्या टोकाला जॉब असेल तर बाहेरून शॉक अ‍ॅब्सॉर्बर द्यावा, तोही शाफ्टपासून जमेल तितका लांब.

सकाळचा पहिला फेरा तर फारच जपायचा. वेग आवरण्यासाठी फ्लो कंट्रोल बाहेर जाणाऱ्या हवेवर लावतात. अडलेली हवा पिस्टनला मागे रेटत राहते आणि हात सावकाश फिरतो. रात्री लाइन बंद केली की दोन्ही बाजूंची हवा निघून जाते. सकाळी दाब आला की अडवायला समोर काहीच नसतं. हात सणकन फिरतो, फिक्श्चर ठाणकन आदळतं, आणि ऑपरेटरची बोटं त्याच वेळी जॉब सारखा करत असू शकतात. लाइनमध्ये सॉफ्ट-स्टार्ट व्हॉल्व्ह असला तर दाब हळूहळू भरतो आणि हा पहिला फेराही बेताने होतो. काही कोटेशनांत तो पर्यायी म्हणून खाली टाकलेला असतो आणि घासाघीस सुरू झाली की पहिला तोच कापला जातो. तो पर्यायी नसावाच. मूळ किमतीतच धरावा.